पूर्वेकडे तोंड केलेलं पिंप

“मालिनी, पिंपाला हळदकुंकू कुणी लावलं?”

विनय तळघरातून धावत वर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी दसऱ्याचं श्रीखंड घोटत होते. म्हटलं, “घरात माणसं तीन. मी नाही लावलं, तू नाही लावलंस.”

उरले नाना, माझे सासरे.

नानांच्या थोरल्या भावाला, अण्णांना, दारूनं नेलं. तेव्हापासून त्या घरात तो शब्दही कुणी काढत नाही. आणि त्याच घरातला एकुलता एक मुलगा इथे हॅम्बर्गला येऊन हौसेनं बिअर करायला लागला! बरं, साधी नाही, इंग्लंडच्या पबातली, एल नावाची. ती पिंपातच मुरते, गाळ तळाशी बसेपर्यंत पिंप हलवायचं नाही. वरून गॅस भरायचा नाही, बर्फगार करायची नाही, तोटी उघडली की थेट ग्लासात. नाना येणार म्हटल्यावर पठ्ठ्यानं पिंपावर ओलं फडकं टाकलं आणि “ऑफिसचं यंत्र आहे” अशी थाप ठोकली. खरं सांगून टाक, म्हणून मी कानीकपाळी ओरडले. ऐकेल तर शपथ!

त्यात संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे पीटरसन यायचे होते. त्यांची बायको इंग्लंडमधल्या यॉर्कशायरची, गेल्या वर्षी गेली. तिच्या माहेरची ही बिअर म्हाताऱ्याला एकदा पाजायची, म्हणून तर सगळा खटाटोप.

आम्ही खाली गेलो. पिंपावर झेंडूची फुलं, समोर निरांजन, आणि पिंप चक्क फिरवून ठेवलेलं.

“गाळ ढवळला सगळा!” विनयनं डोकं धरलं. “आता काय संध्याकाळपर्यंत बसतोय!”

“पूर्वेकडे तोंड नको का पूजेला?” मागून नानांचा आवाज आला. ते जिन्यातच उभे होते. “यंत्र म्हणालास ना? दसऱ्याला यंत्राची पूजा करतात.”

विनय मान खाली घालून उभा.

“नाना, ते यंत्र नाहीये,” तो कसाबसा म्हणाला.

“अरे, मला नाक आहे. अण्णाच्या शेजारच्या खोलीत वाढलोय मी.” नाना पायरीवर बसले. “आल्या दिवशीच कळलं. झोप उडाली माझी. मग काल तू फोनवर त्या म्हाताऱ्याला आग्रहानं बोलावत होतास. अण्णानं कधी कुणाला बोलावलं नाही रे. दार लावून एकटा प्यायचा. आम्ही बाहेर.” “आवडलेलं नाही मला. पण लपवू नकोस. लपवलंस की मला तेच दार दिसतं.”

विनय त्यांच्या पायाशी बसला आणि लहान मुलासारखा रडला. मला तर हसूच फुटलं. इतके दिवस मी श्वास धरून वावरत होते, ते तेव्हा कळलं.

संध्याकाळी पीटरसन आले. बिअर गढूळच होती. त्यांनी ग्लास दिव्यासमोर धरला. “नाटुरट्र्यूब!” म्हणाले, म्हणजे न गाळलेली, अस्सल गढूळ. इथे त्याचंच कौतुक. मग एक घोट घेतला आणि ग्लास दोन्ही हातांत धरून बसले. नानांनी श्रीखंडाची वाटी त्यांच्यापुढे सरकवली. बिअरबरोबर श्रीखंड! पण म्हाताऱ्यानं ती चाटूनपुसून संपवली.

विनयचा ग्लास मात्र तसाच होता. वडिलांसमोर त्याचा हात ग्लासाकडे जाईना.

नानांनी ते पाहिलं. “इथून रस्ता छान दिसतो नाही?” असं म्हणत त्यांनी आपली खुर्ची खिडकीकडे फिरवली आणि आमच्याकडे पाठ करून बसले.

विनयनं घोट घेतला. ग्लास टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला, तेव्हाच त्यांनी खुर्ची पुन्हा आमच्याकडे वळवली.