पाय सुटे ठेव, कास्सियान!

मी स्की, बर्फावरून घसरायच्या फळ्यांच्या जोडीतली डावी. नुसती बोलत नाहीये, चांगली कातावलेय.

आम्ही दोघी टिरोलच्या बर्फाळ डोंगरांतल्या एका सुताराच्या हातच्या. पोट लाकडाचं, कडा पोलादी. मालक कास्सियान तेव्हा तरणाबांड स्की-शिक्षक. आम्ही त्याच्या उंचावलेल्या मनगटाला लागू एवढ्या लांब आणि सरळसोट. आम्हाला वळवायचं म्हणजे कष्टच. गुडघे वाकवून झटकन उठायचं, अंगाचा भार हलका झाला की टाचा बाजूला सरकवायच्या. तेही पाय एकमेकांना चिकटवून! का, तर सुरेख दिसतं म्हणे. बहिणीची कड जन्मभर माझ्या अंगाला घासली, त्याचं कुणाला काय!

यंदा त्याची मुलगी बुर्गी स्की-शाळेची प्रमुख झाली. तिनं सांगून टाकलं, "बाबा, नवी पद्धत जमली तरच तुला वर्ग मिळेल." शिकवणं सुटलं तर हा माणूस घरात झुरेल, हे तिलाही ठाऊक होतं.

आम्हाला भिंतीला टेकवून त्यानं नव्या स्की चढवल्या. आखूड, टोकांना रुंद, कमरेत बारीक. त्यांच्यावर उड्या मारायच्या नसतात. दोन्ही पायांवर भार ठेवून कडेवर कलंडवल्या की त्या आपणच वाकून वळतात.

"पाय लांब-लांब ठेव, बाबा!" बुर्गी खालून ओरडली.

"घोड्यावर बसलोय का मी?"

आणि उठला नेहमीसारखा, पाय जोडून! नव्या कडांनी बर्फ धरला, स्की एकमेकींवर चढल्या, स्वारी तोंडावर आपटली. वर म्हणतो, "स्कीच भिकार आहेत!" नाचता येईना, अंगण वाकडं.

मग आम्हाला चढवलं आणि आमच्यावर नवी पद्धत! नुसता कलंडला आणि वाट बघत राहिला. अरे, आम्हाला कंबर तरी आहे का? निघालो नाकासमोर, थेट कुंपणात.

बुर्गी हसली नाही. त्याच्या पाठीवरचा बर्फ झटकत म्हणाली, "मला तूच शिकवलंस ना? एकदा माझं ऐक."

तो पुन्हा नव्या स्कीवर चढला. या खेपेला पाय सुटे, गुडघे सैल. डावीकडे वळला, उजवीकडे वळला. मागे दोन स्वच्छ रेघा उमटल्या. खाली पोहोचून मान वळवून त्या रेघांकडेच बघत राहिला.

"काय झालं, बाबा?"

"लबाडी आहे ही. काहीच करावं लागत नाही." मग हळूच, "उद्या पोरं किती वाजता येतात?"

बुर्गीनं डोळे पुसले. दोघं हातात हात घालून चहाला गेले.

मला आनंदच आहे रे. इतकी वर्षं तुझे गुडघे आमच्यापायी झिजले. शिकव पोरांना, सुखानं शिकव. पण मेल्या, आम्हाला या कुंपणातून आधी बाहेर काढ!