परत आलेली वीज

बायको मैना अकोल्याला माहेरी आजारी होती. तिच्या शेजारच्या खुशालरावाशी मी हौशी रेडिओवरून बोलत असे. पौषात मेव्हणा नत्थुजी अमरावतीला आला आणि दारातच म्हणाला, "भाऊजी, मैनाबाई सकाळी गेली. परवापासून तुमालेच बोलावत होती."

"मंग तार काहून नाही केली?"

"खुशालराव म्हणे, तारेआधी माह्या रेडिओचा निरोप पोचते."

ते दोन्ही दिवस मी माझ्या रेडिओपाशीच होतो. काही आलं नाही.

अकोल्यात खुशालराव म्हणाला, "निरोप धाडताना ट्रान्समीटरचा दिवा तर लखलख पेटून राहिला होता!"

मी त्याच्या ट्रान्समीटर आणि अँटेनाच्या मध्ये जाणारी-येणारी वीज मोजायचा माझा वॅटमीटर जोडला. जवळजवळ सगळी वीज अँटेनावरून परत येत होती; निरोप बाहेर पडलाच नव्हता.

मी ओरडलो, "दिवा पाहत बसला! मोजलं काहून नाही, गाढवा?"

त्याची अँटेना ट्रान्समीटरशी जुळवून द्यायची अजून राहिली आहे. मी पुन्हा त्याच्याकडे गेलो नाही.