सलूनच्या खुर्चीची धास्ती

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे आणि खरं सांगायचं तर भित्री आहे. सलूनमधली, गोल फिरणारी, मान टेकायला उशी आणि पाय ठेवायला लोखंडी पट्टी असलेली. कारखान्यात मला घासून रंगवलं, तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं, की पुढे एका कागदापायी माझी झोप उडणार आहे.

माझा मालक न्हावी. हाताचा इतका हलका, की दाढी होता होता गिऱ्हाईक घोरायला लागायचं. त्याची लेक लहान होती तेव्हा माझ्या हातांवर आडवी फळी टाकून बसायची आणि केस कापून घ्यायची. अशी खुर्ची आता मिळत नाही, असं लोक म्हणायचे. ऐकून मी फुगायचे.

मग मालकाने अंथरूण धरलं. त्यातून उठला, पण उजवा हात थरथरायला लागला. लेकीने सोळाव्या वर्षी वस्तरा हातात घेतला. औषधांना पैसे पुरेनात. तेव्हा साबण-पावडर पुरवणारा व्यापारी, ज्याला सगळे काका म्हणत, देवासारखा धावून आला म्हणे. डोंबलाचा देव! त्याने लेकीपुढे कागद ठेवला. पैसे फिटेपर्यंत दुकान त्याच्या हुकमाने चालवायचं आणि हप्ता चुकला की खुर्ची त्याची. तिने घाईघाईत सही केली. बाबांना सांगू नकोस, त्यांच्या जिवाला घोर लागेल, असंही त्यानेच बजावलं.

तेव्हापासून दर रविवारी तो माझ्यावर बसून फुकट दाढी करून घ्यायचा आणि वर धमकावायचा. सही तुझी आहे, पोलीस येतील, आजारी बापाला कोर्टाची पायरी चढावी लागेल. एकदा तर भंगारवाल्यालाच घेऊन आला. त्या मेल्याने माझ्या पाठीवर टकटक केलं आणि किलोचा भाव सांगितला. मी गारच पडले. लेकीचं तर खाण्यापिण्यातलं लक्ष उडालं. दार वाजलं की तिच्या हातातला कंगवा पडायचा. माझ्या गादीला चीर गेली, पण ती शिवायचंही कोणाला सुचलं नाही.

तिच्या अठराव्या वाढदिवसाच्या आधीच्या रविवारी व्यापारी भलताच गोड बोलत आला. जुना कागद मळलाय, पुढच्या खेपेला नवा करू, वर तुला नवा आरसा देतो, म्हणाला. तिने त्याच्या डोळ्यांवर गरम टॉवेल टाकला आणि ती पाणी आणायला आत गेली. ती अनवाणी परत आली, ते त्याला कळलंच नाही. ती माझ्यामागे उभी आणि हा फोनवर मेव्हण्याशी बोलतोय.

"पोरगी अजून कायद्याने अज्ञान आहे रे. जुना कागद कोर्टात टिकायचा नाही. अठरा पूर्ण झाली की नव्यावर सही घेतो, मग सुटते कुठे?"

लेकीने माझी पाठ घट्ट धरली. दाढी मात्र तिने नेहमीसारखी नीट केली.

संध्याकाळी तिने बाबांना माझ्यावर बसवून सगळं सांगितलं. आता आकाशपाताळ एक होणार, असं मला वाटलं. पण बाबा एवढंच म्हणाले, "दोन वर्षं एकटीच भीत बसलीस होय गं?"

दुसऱ्या दिवशी दोघं त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकाकडे, एका वकिलाकडे गेले. व्यापारी फोनवर बोलला ते खरंच होतं. अठराच्या आत करून घेतलेला तो कागद तिला बांधत नव्हता. अठरा पूर्ण झाल्यावर नवी सही केलीस तर मात्र अडकशील, असं वकिलाने बजावलं.

वाढदिवस झाला आणि रविवारी व्यापारी आरसा काखेत मारून आला. बाबांना बाकावर बसलेलं पाहून चपापला, पण बसला. नवा कागद त्याने समोर पसरला, वर पेन ठेवलं. माझा जीव टांगणीला लागला. एका सहीवर मी भंगारात जाणार होते. तिने फेस लावला, वस्तरा त्याच्या गळ्याशी नेला.

"काका, मान हलवू नका," ती म्हणाली. आवाज कापत होता, हात नाही. "मी सही करणार नाही. औषधाचे पैसे तुम्ही दिलेत, ते जमतील तसे फेडीन. खुर्ची मिळणार नाही."

वस्तरा गळ्याशी असताना कोण हुज्जत घालणार? तोंड पुसून तो उठला, तेव्हा तिने हात पुढे करून दाढीचे पैसे मागितले. एकदा बाबांकडे बघून त्याने ते मुकाट्याने दिले.

मित्रांनो, अजूनही कागद फडफडला की मी दचकते. भीती काही एका दिवसात जात नाही. पण तुमच्यापुढे कोणी कागद सरकवला आणि घरी सांगू नकोस म्हणाला, तर आधी घरी जा आणि सांगा. आणि जमलं तर माझ्यासारखीच्या फाटक्या गादीलाही दोन टाके घाला. माझी चीर बाबांनी परवाच शिवली, थरथरत्या हाताने. टाके वाकडे आलेत. मला चालतात.