ॲसिडनं धुतलेली टाकी

"बघा बाबा, आई गेल्यापासून कुणी घासलीच नव्हती. आता कशी लख्ख झालीय." सून टाकीच्या काठावर हात ठेवून उभी होती.

टाकी खरंच पांढरी पडली होती. म्हाताऱ्यानं आत वाकून पाहिलं.

"कशानं घासलीस?"

"संडासाच्या ॲसिडनं. काल ओतलं तर काय फसफसलं म्हणता! मग चांगली धुतली, भरूनही ठेवली."

नात त्यातलं पाणी प्यायली का, हे त्यानं आधी विचारलं. प्यायली होती. कालपासून सगळेच पीत होते.

तो ज्या कारखान्यात मिक्सरवर होता, तिथं बॅटऱ्यांच्या शिशाचा गाळ येई. तो सिमेंटात कालवून त्याच्या विटा पाडत. पाण्यात विरघळलेलं शिसं सिमेंट आपल्यात धरून ठेवतं. शिसं सुटत नाही ना, हे तपासून झालेल्या विटा कामगार घरी नेत. कुणी पायरी केली, कुणी न्हाणीचा ओटा. त्यानं बायकोच्या मदतीनं त्याच विटांची ही टाकी बांधली. बायको शंकेखोर. तिच्या हट्टापायी त्यानं टाकीचं पाणी कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या बाईंकडून तपासून घेतलं होतं. काही निघालं नाही. बाई एवढंच म्हणाल्या होत्या, की सिमेंटची मूठ घट्ट असते, पण ॲसिड लागलं की सुटते. तेव्हापासून बायको टाकी नुसत्या काथ्यानं घासायची.

त्यानं हे सगळं एका दमात सांगितलं. सुनेनं आधी पोरीला उचलून घेतलं.

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"सांगणारी गेली, पोरी. मला वाटलं, तिनं सांगितलं असेल."

सून पोरीला कडेवर घेऊन तडक दवाखान्यात गेली. तो पाण्याची बाटली भरून बाईंकडे गेला. पाण्यात शिसं निघालं, असायला नको तेवढं. पोरीच्या रक्ताचा निकाल येईपर्यंत घरात सगळे रस्त्यावरच्या नळाचं पाणी आणून पीत होते. पोर जेवताना नुसती कुरकुरली तरी तो उठून तिच्याजवळ जाऊन बसायचा.

रक्तात फारसं नव्हतं. फार दिवस प्यायली नाही म्हणून निभावलं, डॉक्टर म्हणाले. पण पुन्हा तपासायचं. भीती तेवढी घरातच राहिली.

मुलगा पहार घेऊन टाकी फोडायला निघाला. म्हाताऱ्यानं त्याला अडवलं. बाईंनी बजावलं होतं, फोडली तर धूळ उडेल, पोरीच्याच नाकातोंडात जाईल. त्यापेक्षा ताज्या सिमेंटनं भरून टाका. टाकी आतून बायकोनं वाटीनं घोटून गुळगुळीत केली होती. त्यानं त्या टाकीत सिमेंटचं घमेल्यामागून घमेलं ओतलं, वर थापी फिरवली.

नव्या सिमेंटला पाणी मारत राहावं लागतं. सकाळी तो रस्त्यावरच्या नळाची बादली घेऊन आला, तर भरलेल्या टाकीवर गोणपाट पसरलेलं होतं, ओलं गच्च. सून पाठमोरी उभी राहून तांब्यानं कडेकडेला पाणी सोडत होती. तो आपली बादली खाली ठेवून तिथंच थांबला.