चार बोटांनी अरुंद

मी एक जुना दरवाजा आहे, आणि अरुंद आहे. ही दुसरी गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण माझी सगळी हकीकत तिच्यापाशीच अडली. सध्या मी सुताराच्या शेडमध्ये भिंतीला टेकून उभा आहे. माझ्यामागे खोली नाही आणि पुढे बोळ नाही. उघडायला काही उरले नाही की दरवाजाची नुसती फळी होते.

मित्रांनो, मला घडवले तेव्हा अरुंद असणे हा दोष नव्हता. एका नव्या घराच्या मागच्या खोलीसाठी मी बनलो. धडधाकट माणूस कडेवर पोर घेऊन आत जाऊ शकला म्हणजे झाले, एवढाच तेव्हाचा हिशेब. सुताराने माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "आता पन्नास वर्षं बघायला नको." पावसाळ्यात सगळेच दरवाजे फुगतात, मी त्या दिवशी कोरड्या हवेत फुगलो.

पोरे मोठी झाली, पांगली, आणि घर विकले गेले. एका निवृत्त नर्सने ते घेतले आणि तिथे वृद्धांसाठी छोटा निवास काढला. जेमतेम सहा माणसे. नर्सला सगळे ताई म्हणत, तिच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसेसुद्धा. माझ्या खोलीत ड्रायव्हरकाका आले. उभा जन्म बस चालवलेला माणूस. पक्षाघाताच्या एका झटक्याने डावा पाय लुळा पडला आणि नशिबी व्हीलचेअर आली. ती काही माझ्यातून जात नसे. ताई आणि कामाची मावशी काकांना बखोटीला धरून उभे करत, खुर्ची मिटून आडवी बाहेर काढत, उलगडत आणि काकांना पुन्हा तिच्यात बसवत. काका माझी चौकट धरून म्हणायचे, "स्टॉप आला, उतरा!" रोज तोच विनोद, आणि मावशी रोज हसायची. माणसे भली होती.

समोरच्या खोलीत ऑपरेटरबाई राहत. त्यांनी आयुष्यभर टेलिफोन खात्यात लोकांच्या तारा जुळवल्या होत्या. आवाज खणखणीत, पण डोळे गेलेले. म्हणून रोज सकाळी काका त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत, प्रत्येक स्वल्पविरामाला ब्रेक मारत. बाई चिडायच्या, "अहो, चढ लागलाय का? जरा वेग घ्या!" पण काकांना यायला उशीर झाला की त्यांचे कान माझ्या बिजागरीकडे लागलेले असत. दोघांचेही जवळचे म्हणावे असे कुणी येत नव्हते. त्यांना एकमेकांचीच सोबत होती.

अशाच एका सकाळी काकांनी ती बातमी वाचली. दूरच्या एका शहरात वृद्धाश्रमाला आग लागली होती आणि आतल्या माणसांना वेळेत बाहेर काढता आले नव्हते. त्यावरून संसदेने साऱ्या देशासाठी कायदा केला. म्हाताऱ्या माणसांची काळजी घेणाऱ्या प्रत्येक निवासात पुरेसे मदतनीस हवेत, पलंगाशी घंटा हवी, आणि खोलीचे दार व्हीलचेअर आणि स्ट्रेचर सहज जाईल एवढे रुंद हवे. जुन्या लहान घरांना दारापुरती सूट होती, पण जिथे सगळे आपल्या पायांनी चालतात तिथेच.

ताईंनी लगेच सुतार बोलावला. त्याने टेप लावला. मी चार बोटांनी कमी भरलो. तो म्हणाला, चौकट काढून भिंत फोडावी लागेल, धूळ होईल, तेवढे दिवस मंडळींना दुसरीकडे हलवा.

'दुसरीकडे' हा शब्द ऐकला आणि ऑपरेटरबाईंचे धाबे दणाणले.

"ताई, एकदा इथून हललो की परत कोण आणतंय? यांना एका गावाला टाकतील, मला दुसऱ्या."

"बाई, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे."

"माझ्या बहिणीलाही थोडे दिवसच म्हणाले होते."

मग बाईंनी युक्ती काढली. काकांनी चार पावले टाकली तर सूट मिळेल, भिंत फुटणार नाही आणि कुणी हलणार नाही. बस्स, चालून दाखवायचे!

दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू झाला. काका एक हात माझ्या चौकटीवर आणि दुसरा काठीवर ठेवून उभे राहत. पलीकडून बाई हाक मारत, "हं, या, रस्ता मोकळा आहे!" कितीदा ते माझ्यावरच आदळले. त्यांच्या तळव्याचा घाम माझ्या रंगात मुरला. पण गडी हटला नाही. दोन महिन्यांत तो खोलीतून बोळापर्यंत चालू लागला, आणि सगळ्या घराने टाळ्या पिटल्या. खरे सांगतो, मलाही आनंद झाला. मीही त्या कटातलाच होतो म्हणा ना.

तपासणीच्या दिवशी व्हीलचेअर शेजारच्यांकडे गेली. तपासनीस साहेब आले. सावकाश बोलणारे, जरा थकलेले गृहस्थ. त्यांनी मला मोजले, मान हलवली आणि विचारले, "इथून व्हीलचेअर कशी नेता?"

"लागते कुणाला?" बाई ताडकन म्हणाल्या.

आणि काका निघाले. इस्त्रीचा शर्ट घालून, एकेक पाऊल जपून टाकत, पण हसत. साहेबांनी आधी त्यांच्याकडे पाहिले, मग जमिनीकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे.

"आज छान चाललात, काका. पण उद्या?"

"उद्याचं उद्या बघू की!" काका म्हणाले आणि सगळे हसले. फक्त ताई हसल्या नाहीत. इतकी वर्षे दवाखान्यात काढलेली बाई, तिला कळत होते. पण सहा आनंदी चेहऱ्यांपुढे तिची जीभ रेटली नाही. सूट मिळाली, सुताराला नको म्हणून निरोप गेला आणि मी होतो तसाच राहिलो.

मग एका दुपारी काकांना दुसरा झटका आला. ताईंनी क्षणात ओळखले. रुग्णवाहिका फार लवकर आली, तिला बोल लावता येणार नाही. अडला तो स्ट्रेचर. बोळ चिंचोळा आणि मी हा असा. त्यांनी तो सरळ घातला, तिरका घातला, उभा करून पाहिला. मला बिजागरीतून काढायला गेले, तर स्क्रू रंगाखाली गंजलेले. शेवटी चादरीत घालून काकांना ओढत बाहेर काढले. त्यांचे कोपर माझ्या चौकटीवर आपटले, आणि पलीकडे बाई ओरडत होत्या, "अहो, काय झालं? कुणीतरी सांगा ना मला!" सांगायला कुणाला सवड नव्हती.

डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायला हवे होते. तिसऱ्या दिवशी काका गेले.

बाईंनी तपासनीस साहेबांना स्वतः फोन लावून बोलावून घेतले. ते आले तेव्हा त्या माझ्याच उंबऱ्यात बसल्या होत्या.

"साहेब, त्या दिवशी आम्ही तुमच्या डोळ्यांत धूळ फेकली."

साहेब त्यांच्या शेजारी खाली टेकले. मग म्हणाले, "खुर्चीच्या चाकांचे वण दिसले होते मला फरशीवर. तुमचे चेहरे बघून बोललो नाही. पण बाई, ती चार बोटं मी माझ्यासाठी मागत होतो का?"

बाईंनी पदराने डोळे पुसले. "त्यांच्यासाठीच होती हो. कळलं मला. पण त्यांनाच चालायला लावलं मी."

सुतार पुन्हा आला. भिंत फुटली, धूळ उडाली. पुढच्या मोठ्या खोलीत पलंग लावून मंडळी तिथेच निजली. आठवड्यात काम संपले आणि एकालाही दुसरीकडे जावे लागले नाही. जी भीती धरून आम्ही सारे बसलो होतो, ती एवढीशी निघाली. माझ्या मनाला सगळ्यात जास्त हेच टोचते.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी वयस्क माणूस असेल, तर आजच टेप घेऊन त्याच्या खोलीचे दार मोजा. कमी भरले तर दाराची गय करू नका. आम्हांला काढा, फोडा, जाळा, आमची काही तक्रार नाही. पण म्हाताऱ्या माणसाला चालून दाखवायला लावू नका.