आत्या काय म्हणाली

यवतमाळच्या फार्मसी कॉलेजात उपेंदो आली आणि पहिल्याच आठवड्यात तिचा उपेंद्र झाला. हजेरी घेणारे सर, झेरॉक्सवाला, ऑटोवाले, सगळे तिला उपेंद्रच म्हणत. टांझानियातल्या म्वांझाकडची ही उंच, मोठ्यानं हसणारी मुलगी प्रत्येकाला थांबवून सांगायची, "उपेंदो. म्हणजे प्रेम." ऐकणारा लाजायचा आणि पुढच्या वेळी पुन्हा उपेंद्रच म्हणायचा.

तिचं नाव नीट घेणारी पहिली म्हणजे अपेक्षा. राळेगावची, शेवटच्या वर्षाला. अपेक्षाला मुलाखतीसाठी इंग्रजी सुधारायचं होतं. उपेंदोला दवाखान्यात पेशंटशी आणि बाजारात भाजीवालीशी बोलण्यापुरती मराठी हवी होती. प्रॅक्टिकल सुटलं की दोघी गेटसमोरच्या टपरीवर बसत. आधी इंग्रजी, मग मराठी असं ठरलं होतं, पण चहा संपेपर्यंत दोन्हींची खिचडी होई. उपेंदोच्या भाषेत दुकानाला दुका म्हणत, साबणाला सबुनी आणि दुनियेला दुनियाच. "म्हणजे तू अर्धी आमचीच की," अपेक्षा म्हणाली होती. दोघींच्याही घरी कापूस पिकत होता. बोंडअळीपासून सुरू झालेलं बोलणं आईची आठवण आली की नेमकं कुठं दुखतं इथपर्यंत पोचलं, आणि मुलाखतीचं निमित्त केव्हाच मागे पडलं.

खोलीही अपेक्षानंच पाहून दिली होती, तिच्या आत्याच्या घरी, मागच्या अंगाला. आत्या म्हणजे मैनाबाई. सुरुवातीला सगळं बरं चाललं. आत्या तिला ठेचा-भाकर खाऊ घालायची आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं की पोट धरून हसायची. पण गल्लीतल्या बायांची कुजबुज सुरू झाली. त्यात आत्याच्या मुलासाठी, कपिलसाठी, स्थळं येऊ लागली. एका दुपारी आत्यानं दोघींना समोर बसवलं.

"हे पाय अपेक्षा, तिले सांग खोली रिकामी कर म्हना. कपिलसाठी लोकं घर पाहाले येऊन राह्यले. दारातच ही काळी पोरगी उभी दिसली तं काय म्हन्तीन ते? गल्लीतले लेकरं भेतात तिले. मले नाही चालत आता."

आत्याची भरभर वऱ्हाडी उपेंदोला अजून कळत नव्हती. तिनं हसतच अपेक्षाकडे पाहिलं. "काय म्हणते आत्या?"

 अपेक्षाच्या तोंडून इंग्रजीत निघून गेलं, "कपिलदादाचं लग्न ठरतंय. घरात पाहुणे राहतील. म्हणून आत्याला खोली लागणार आहे."

उपेंदोनं उठून आत्याचे दोन्ही हात धरले आणि इंग्रजीतच तिचं अभिनंदन केलं. आत्या गोंधळून मान हलवत राहिली.

उपेंदो हॉस्टेलवर राहायला गेली. अपेक्षाला वाटलं, सुटले. पण टपरीवर आता रोज लग्नच निघू लागलं. नवरी कशी आहे? तारीख कोणती? बाया नाचतात का? अपेक्षा रोज एक थाप जोडत गेली. तारीख निघायची आहे. नवरी वणीकडची आहे. चहा कडू लागायचा, तरी ती बोलत राहायची. खरं सांगायचं असं ती रोज ठरवून निघायची आणि उपेंदोचा उजळलेला चेहरा पाहिला की पुन्हा लग्नाचंच बोलायची.

एका रविवारी अपेक्षा आत्याकडे पापड लाटायला गेली होती. दारात उपेंदो उभी. नागपूरला आलेल्या कुणा ओळखीच्याबरोबर तिनं घरून रंगीत छापील कापड मागवलं होतं.

"आत्या, नवरीसाठी," ती जुळवून जुळवून मराठीत म्हणाली. "लग्न कधी आहे?"

"कायचं लगन वं? लोकं पाहून गेले न नाही म्हन्ले."

"मग पाहुणे? खोली?"

आत्याला लपवाछपवी जमत नसे. "खोली तं म्याच तुले सोडाले लावली. लोकं बोलत होते म्हून. हिनं नाही सांगतलं?"

एवढी मराठी उपेंदोला आता कळत होती. ती अपेक्षाच्या शिकवणीतच आली होती. तिनं अपेक्षाकडे एकदा पाहिलं, कापडाची घडी पुन्हा पिशवीत घातली आणि निघून गेली. "चहा तरी घेऊन जाय," असं आत्या मागून म्हणाली, पण तिचाही आवाज पडला होता.

त्यानंतर टपरीवर अपेक्षा एकटीच बसू लागली. सुट्टीत राळेगावला गेली तेव्हा तिनं वडिलांना, देवरावांना, सगळं सांगितलं. ते पऱ्हाटीत, कापसाच्या शेतात, उभे होते. 

"मी शिकाले यवतमाळले गेलतो न," ते म्हणाले, "तवा एका घरमालकानं आडनाव इचारलं. मंग म्हन्ला, खोलीची दुरुस्ती काढली, झाली का सांगतो. म्या खरं मानलं. रोज जाऊन पाहो, मिस्त्री आला का म्हून. सरळ नाही म्हन्ला असता तं दुसरीकडं गेलो असतो. त्यानं मले येडं बनवलं, तेच अजून लागते. तुह्या आत्याले ठाऊक हाय हे."

अपेक्षाला त्यांच्याकडे बघवेना.

परत आल्यावर ती हॉस्टेलच्या दारात जाऊन थांबली. उपेंदो खाली आली, पण तिनं बसायला सांगितलं नाही.

"आत्या त्या दिवशी काय म्हणाली होती ते सांग," ती म्हणाली. "तिच्याच शब्दांत."

अपेक्षानं सांगायला सुरुवात केली. 'काळी'पाशी तिची जीभ अडली.

"थांबू नको."

तिनं शेवटपर्यंत सांगितलं.

"भेतात म्हणजे?"

"घाबरतात." अपेक्षाचे डोळे भरून आले. "ते खोटं होतं, उपेंदो. लेकरं तुझ्या मागंमागं फिरायची. तुझ्याकडून गाणी शिकायची."

"ते मला माहीत आहे. तू तेव्हा आत्याला हे बोललीस?"

"नाही."

"मी तुला रोज शब्दांचा अर्थ विचारत होते," उपेंदो म्हणाली. "दुसऱ्या कुणाला विचारत नव्हते."

अपेक्षानं माफी मागितली. उपेंदोनं मान हलवली, ती हो म्हणून की ऐकलं म्हणून, ते कळलं नाही.

"उद्या टपरीवर येशील?"

"यावंसं वाटलं तर येईन."

अपेक्षा तिथून तडक आत्याकडे गेली. आत्या ओसरीत तुरीची डाळ निवडत होती.

"आत्या, लेकरं तिले भेत नव्हते. तुलेही ठाऊक होतं. मी तवाच बोलाले पायजे होतं, नाही बोलली. बाबाले यवतमाळात खोली नाही भेटली, ते तूच सांगत होती न मले? मंग तिच्याशी काहून असं केलं आपन?"

"मले शिकवू नको तू." आत्या सूप उचलून आत गेली.

आतून भांड्यांची आदळआपट ऐकू येत होती. अपेक्षा ओसरीतच बसली. आत्या बाहेर येईपर्यंत उठायचं नाही, असं तिनं ठरवलं.