लघुग्रहाशेजारचा ठिपका

यानाने पाठवलेल्या फोटोत लघुग्रहाशेजारी एक अंधुक ठिपका दिसला आणि मैथाने तो मोठा करून पाहिला. यान दुसऱ्या दिवशी लघुग्रहाच्या अगदी जवळून जाणार होतं, आणि दुबईच्या नियंत्रण कक्षात त्याची वाट ठरवायचं काम तिचं. तो ठिपका म्हणजे लघुग्रहाभोवती फिरणारा दगड असेल, तर आसपास खडीही असणार. त्या वेगात वाटाण्याएवढा खडाही यानाच्या आरपार गेला असता.

"कॅमेऱ्यावरचा डाग असेल," मोहिमेचे प्रमुख म्हणाले. थोरल्या मुलाच्या नावावरून सगळे त्यांना बू सुहैल, म्हणजे सुहैलचे बाबा, म्हणत. "तुला भुतं दिसायला लागली का गं?"

"डाग नसला तर?"

"लांबून गेलो तर फोटोत काय येणार? शेंगदाणा?"

"यान उरलं तर शेंगदाणा तरी येईल, बू सुहैल."

त्यांनी फोटो पुन्हा एकदा पाहिला. मग म्हणाले, "वळव यान. लांबून जाऊ दे."

तिने घाईघाईने आदेश लिहून पाठवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी यानाने कॅमेरा लघुग्रहाकडे वळवला, तशी त्याची अँटेना पृथ्वीवरून हटली आणि संपर्क तुटला. हे ठरलेलंच होतं. पण संपर्क परत जुळायची वेळ झाली, टळून गेली, तरी पडद्यावरची सिग्नलची रेघ सपाटच. मैथाने दुआ म्हणायला घेतली. पाठ असलेले शब्दही आठवेनात.

बू सुहैल तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "आदेश कुणी तपासला होता?"

"मीच."

"आणखी कुणी?"

तिने नकारार्थी मान हलवली. ते तिथेच उभे राहून रेघेकडे पाहत राहिले.

बऱ्याच वेळाने रेघ हलली. यान जिवंत होतं. कुणीतरी हुंदका दिला.

संध्याकाळी फोटो उतरले. लघुग्रह अर्धाच होता, बाकीचा चौकटीबाहेर. ठिपका मात्र प्रत्येक फोटोत त्याच कोपऱ्यात, रिकाम्या आकाशातसुद्धा. डागच होता तो. मैथाने वाट बदलली होती, पण आदेशात कॅमेऱ्याची दिशा जुन्या वाटेचीच राहिली होती. ठरल्या जागी लघुग्रह सापडेना म्हणून यान त्याला शोधत राहिलं, त्यात संपर्क जुळायला उशीर झाला.

"बाहेर पत्रकार थांबलेत," बू सुहैल म्हणाले. "वळवायला मी सांगितलं, असं सांगतो."

"नको. चूक माझी आहे. मीच सांगते."

ती उठली, दारापर्यंत गेली आणि परत येऊन खुर्चीत बसली. बू सुहैलनी शेजारची खुर्ची ओढली आणि तिच्याजवळ बसून राहिले.